या चुका टाळा : जुनी व्होल्व्हो ८५० आणि व्ही७० टी-५ इस्टेट

१९९४ साली व्होल्व्होने ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत सेडान सोडून चक्क ८५० इस्टेट (मागे छतापर्यंत लांब डिकी असलेली गाडी) उतरवली तेव्हा लोक हसले होते. पुढे टी-५ इस्टेट ब्रिटिश पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांमध्ये दिसू लागली आणि हसणं थांबलं. २३१९ सीसीचं पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन, २० व्हॉल्व्ह, टी-५ मध्ये २२५ हॉर्सपॉवर आणि १९९५ च्या टी-५आर मध्ये २४०. मागे जागा एवढी की अख्खी धुलाईयंत्रं बसतात.

आज ८५० आणि तिची वारस व्ही७०, दोन्ही गाड्या पंचवीस-तीस वर्षांच्या झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला अशी गाडी स्वस्तात दिसली की मोह होतोच. (लंडनमध्ये राहत असाल तर आधी गाडीचा नंबर टाकून यूलेझचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काचा नियम पाहा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू आहे आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला रोजचे १२.५० पौंड पडतात.) इंजिन दणकट आहे, पत्र्याला गंजही त्या काळाच्या मानाने कमीच. तरीही गाड्या भंगारात जातात, आणि बहुतेक वेळा आधीच्या मालकाच्या घाईमुळे.

तेल गळतंय म्हणून सील बदलणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागडी चूक. गिअरबॉक्स आणि इंजिन जोडलेल्या जागी तेल दिसतं. कोणीतरी सांगतं, "क्रँकचं मागचं सील गेलं." क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा आणि सील म्हणजे त्याभोवती तेल अडवणारं कडं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे दोन दिवसांचं काम. गिअरबॉक्स उतरतो, नवं सील बसतं आणि सहा महिन्यांत तिथेच पुन्हा तेल.

एक तर अनेकदा ते तेल क्रँकच्या सीलचं नसतंच. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) मागच्या टोकाची सीलं बरोबर गिअरबॉक्सच्या वर आहेत. तिथून तेल ओघळतं आणि खाली बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावर) येऊन थांबतं. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकचं वाटतं. त्यामुळे टॉर्च घेऊन आधी वरून पाहा. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) बाजूचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ओलं असेल तर गिअरबॉक्सला हात लावू नका. सगळा भाग डीग्रीझरने धुवा, शंभर किलोमीटर चालवा आणि ओल कुठून सुरू होते ते पुन्हा पाहा.

दुसरं असं की सील आपण होऊन क्वचितच जातं. त्याला आतून ढकललं जातं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर काढायला इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) मागे, ब्लॉकला चिकटून एक प्लास्टिकचा डबा आहे, त्याला ऑइल ट्रॅप म्हणतात. वायूतलं तेल तिथे वेगळं होऊन खाली ब्लॉकमध्ये परततं आणि उरलेला वायू टर्बोच्या आधीच्या नळीतून पुन्हा इंजिनात ओढला जातो. गाडी रोज तीन किलोमीटर शाळेपर्यंत आणि परत एवढीच चालली, ब्रिटनच्या थंडीत इंजिन कधी नीट तापलंच नाही, ऑइल बदलायला वर्ष-दोन वर्षं लागली, की या डब्यात काळा चिकट गाळ साठतो. श्वास कोंडला की दाब सर्वांत कमजोर जागेतून वाट काढतो. ती जागा म्हणजे सील.

तपासायला दोन मिनिटं लागतात. इंजिन पूर्ण तापवा, आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर डॉक्टर वापरतात तसला रबरी हातमोजा ताणून बसवा. मोजा आत ओढला गेला किंवा लुळा पडून राहिला तर ठीक. फुगून पंजा वर उभा राहिला तर डबा तुंबला आहे. डिपस्टिक थोडी वर ओढल्यावर नळीतून धूर येणं हीसुद्धा तीच खूण.

इलाज म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड काढून नवा डबा, सगळ्या नळ्या आणि क्लॅम्प, मॅनिफोल्डचं नवं गास्केट. बोल्ट २० न्यूटन-मीटरला. पहिल्यांदा करणाऱ्याने एक अख्खा शनिवार धरावा. इथे दोन गोष्टी हमखास राहतात. एक, डबा ज्या भोकांत बसतो ती ब्लॉकमधली भोकंही गाळाने भरलेली असतात, विशेषतः खालचं, तेल परत जाण्याचं. ती वाकवलेल्या तारेने आणि चिंध्यांनी साफ केली नाहीत तर नवा डबा वर्षभरात जुना होतो. दोन, मॅनिफोल्डला जाणारा पोकळ बँजो बोल्ट. त्याच्या बारीक छिद्रात कार्बन दगडासारखा बसतो, तिथे छोटा ड्रिल बिट हाताने फिरवावा. डबा काढून पेट्रोलने धुऊन परत बसवणारे लोकही आहेत. आतले पडदे दिसत नाहीत, त्यामुळे तो "साफ" झाला हे ते कशावरून ठरवतात, ते त्यांनाच ठाऊक. नवा डबा गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

आधी श्वास मोकळा, मग सील. उलट क्रमाने केलं तर सीलचे पैसे पाण्यात.

कॅम कव्हरवर सिलिकॉन

याबद्दल थोडं रागावूनच लिहावं लागतं. या इंजिनावर वरचं ॲल्युमिनियमचं कव्हर दिसतं. इतर गाड्यांच्या सवयीने लोक ते "टॅपेट कव्हर" समजतात. ते नुसतं झाकण नाही. कॅमशाफ्टच्या बेअरिंगचा वरचा अर्धा भाग त्यातच घडवलेला आहे. हेड आणि कव्हर एकत्र बसवून यंत्रावर कापलेले आहेत, म्हणून ती जोडीने जन्मतात. दुसऱ्या गाडीचं कव्हर यावर बसत नाही. मध्ये कागदी किंवा रबरी गास्केट नाही. दोन धातूंच्या मध्ये ॲनेरोबिक सीलंटचा अगदी पातळ थर असतो, जो हवा बंद झाल्यावरच घट्ट होतो.

आता पाहा काय होतं. गळती दिसते. शनिवारी सकाळी कव्हर निघतं. दुकानात ॲनेरोबिक सीलंट नसतं, लाल सिलिकॉनची ट्यूब असते. टूथपेस्टसारखी जाड रेघ ओढली जाते, बोल्ट आवळले जातात, बाहेर सुबक लाल कड दिसते. जेवढं बाहेर आलं, तेवढंच आतही गेलं. दोन-तीन आठवडे सगळं छान. मग आतली पोपडी सुटते आणि हायड्रॉलिक लिफ्टरला (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट सांभाळणाऱ्या भागाला) तेल नेणाऱ्या बारीक वाटेत अडकते. सकाळी टकटक ऐकू येते. मालक घट्ट ऑइल भरतो. त्याने टकटक वाढते, कारण वाट मुळात बंद आहे. काही तुकडे खाली संपमध्ये (तेलाच्या तळभांड्यात) जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर चिकटतात. मग एक दिवस मोटरवेवर ऑइलचा लाल दिवा लागतो. चालक पुढच्या सर्व्हिस स्टेशनपर्यंत "हळू" जातो. तिथे पोचेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. संप काढल्यावर जाळीवर लाल धागे सापडतात आणि सगळ्यांना अचानक ती ट्यूब आठवते. या इंजिनांवर काम करणाऱ्यांनी हा प्रसंग इतक्यांदा पाहिला आहे की लाल कड दिसली तरी ते आधी संप उतरवतात.

बरोबर रीत अशी. जुना थर प्लास्टिकच्या खरवडणीने आणि गास्केट रिमूव्हरने काढा. घासणीची चकती ड्रिलला लावून चकाकी आणू नका. तिची धूळ बेअरिंगसाठी वाळूच आहे, आणि पृष्ठभागही खोल जातो. सीलंट फक्त कव्हरच्या बाजूला, छोट्या रोलरने, भिंतीला शेवटचा हात मारावा इतकं पातळ. थरातून धातूचा रंग दिसला पाहिजे. स्पार्क प्लगच्या खड्ड्यांभोवतीच्या रबरी ओ-रिंग नव्या. कॅम स्प्रिंगच्या जोराने वर उचलले गेलेले असतात, म्हणून कव्हर मधून बाहेरच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा देत खाली ओढा, एका कोपऱ्यातून कधीच नाही. शेवटी १७ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर हे काम करू नका. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्यांनी ॲल्युमिनियममधले किती आटे उडवले आहेत याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

टायमिंग बेल्ट

हा बेल्ट क्रँक आणि कॅमची चाल जुळवून ठेवतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यामुळे "चालतोय तोवर चालू दे" हा विचार इथे नको. आधीच्या मालकाच्या तोंडी हमीवर विश्वास ठेवू नये. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरावं. आमची सवय एक लाख किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी येईल ते. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि वॉटर पंपही, कारण पंप याच बेल्टवर फिरतो.

१९९८ पर्यंतच्या गाड्यांना हायड्रॉलिक टेन्शनर आहे. तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबायचा आणि २ मिमीची पिन घालायची. घाईने दाबला की आतलं सील जातं आणि नवाकोरा टेन्शनर पहिल्या दिवसापासून सैल. बेल्ट आधी क्रँकवर, मग आयडलर, दोन्ही कॅम, वॉटर पंप आणि शेवटी टेन्शनर. पिन काढल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळवा. फिरवताना अडलं तर थांबा, पाना लांब करू नका.

मागून बसलेली इस्टेट

बऱ्याच इस्टेटना मागे निव्होमॅट शॉक ॲब्सॉर्बर आहेत. साध्यापेक्षा जाड नळकांड्यावरून ओळखू येतात. गाडी हलत असताना ते स्वतः दाब तयार करून मागची उंची सांभाळतात, म्हणजे भाराचा काही वाटा तेच उचलतात. म्हणून त्यांच्या जोडीची स्प्रिंग मुद्दाम मऊ असते.

मालक निव्होमॅटची किंमत ऐकतो, साधे शॉक घेतो आणि जुनी मऊ स्प्रिंग तशीच ठेवतो. रिकामी गाडी कदाचित बरी दिसेल. चार माणसं आणि सुट्टीचं सामान भरलं की मागचा भाग जमिनीला टेकायला येतो आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतात. साधे शॉक हवे असतील तर साध्या शॉकसाठीच्या स्प्रिंग सोबत घ्या, दोन्ही बाजूंना.

दुसरी बाजू अशी की चांगले निव्होमॅट "गेले" म्हणून फेकले जातात. उभ्या गाडीत सामान भरलं की ती बसणारच, कारण त्यांना चालण्याची हालचाल लागते. डिकीत १५० किलो टाका, चाकाच्या कमानीपर्यंतची उंची मोजा, खडबडीत रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जाऊन परत मोजा. उंची वाढली तर ते जिवंत आहेत.

बाकीचे, थोडक्यात

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभरासाठी" असतं हे खरं आहे, फक्त आयुष्य कोणाचं ते विचारावं. या गाड्यांतल्या एडब्ल्यू ५०-४२ गिअरबॉक्सला डेक्स्रॉन-३ जातीचं तेल लागतं. रेडिएटरकडून परत येणारी नळी बादलीत सोडा, इंजिन चालू करून दोन लिटर काढा, बंद करा, डिपस्टिकच्या नळीतून दोन लिटर ओता. तेल लाल दिसेपर्यंत हेच, साधारण आठ लिटर. दाबाच्या यंत्राने "फ्लश" करू नका. पातळी तापलेल्या तेलावर, इंजिन चालू, पी मध्ये.

इंजिन तापल्यावर गाडी सुरू होत नाही आणि तासाभराने काही झालंच नाही अशी सुरू होते? पेट्रोल पंप बदलण्याआधी त्याला वीज देणारा १०३ नंबरचा रिले (विजेचा स्विच) उघडा. त्याच्या पायांभोवतीची सोल्डर तडकलेली असते. चावी फिरवल्यावर मागून पंपाचा हलका गूं आवाज येत नसेल तर संशय पक्का. एबीएसचा दिवाही तसाच. लोक चाकांचे चारही सेन्सर बदलतात आणि दोष एबीएस मॉड्यूलमधल्या तडकलेल्या सोल्डरचा असतो.

प्लग चार टोकांचे आणि "रेसिंग" लिहिलेले घेऊ नका. फट ०.७ मिमी, दर प्लग मोजून.

कूलंट गळतं म्हणून गळती बंद करणारी पावडर ओतणाऱ्यांना कळकळीची विनंती : ती गळतीपेक्षा हीटरची बारीक नळी आधी बंद करते. मग जानेवारीत काच साफ होत नाही आणि हीटर मॅट्रिक्स (हीटरचा छोटा रेडिएटर) बदलायची वेळ येते. आधी फायरवॉलवरचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचे) हीटरचे होज आणि त्यांचे जोड पाहा.

चिप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम) बसवून ताकद वाढवण्याची घाई असेल तर त्याआधी टर्बोच्या नियंत्रणाच्या सगळ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या बदला. इतक्या जुन्या नळ्या बोटाने वाकवल्या की मोडतात. गळक्या नळ्यांवर चिप बसवून "गाडी उचलत नाही" म्हणणारे दर महिन्याला भेटतात.

चारही चाकं खेचणाऱ्या व्ही७० मध्ये एकच टायर बदलू नका. मागच्या-पुढच्या चाकांचं एका फेऱ्यातलं अंतर वेगळं पडलं की व्हिस्कस कपलिंग (मागच्या चाकांना ताकद देणारा जोड) सतत झटते आणि अँगल गिअरच्या (ताकद मागे वळवणाऱ्या गिअरच्या) जोडातले दाते गुळगुळीत होतात.

मागचा वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवा अधूनमधून बंद पडत असेल तर मोटर आणि बल्ब विकत घेऊ नका. डिकीच्या दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळी मागे सरकवा. हजारो वेळा वाकून तारा तिथे तुटलेल्या असतात. टेप गुंडाळू नका. मऊ, बारीक धाग्यांची तार घालून सोल्डर करा, जोड बिजागरीपासून दूर ठेवा आणि दार पूर्ण उघडल्यावरही तार ताणली जाणार नाही एवढी लांबी सोडा.