इस्त्रीची उशी घरी कशी भरायची

ब्लाउज मापाला बरोबर बसतो, तरी टक्सच्या, म्हणजे फुगवट्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चुणीच्या, टोकाला चोच दिसते. लगेच शिलाई उसवू नका. पुष्कळदा चूक इस्त्रीत असते. टक्स घालून आपण कापडाला फुगवटा देतो आणि मग सपाट टेबलावर ठेवून तोच चेपून टाकतो. तो टिकवायचा तर इस्त्री गोल, घट्ट उशीवर करायची.

माझे वडील मिरजेत कोट शिवत. त्यांची पितळी इस्त्री करवंटीच्या कोळशावर तापायची आणि शेजारी भुशाने ठासून भरलेली उशी असायची. इंग्रज शिंपी तिला हॅम म्हणतात, डुकराच्या मांडीसारखा आकार म्हणून. आमच्या दुकानात ती नुसती ‘उशी’. शिलाई मशीननंतर घरात दुसरी वस्तू कोणती हवी असं मला विचाराल, तर मी हीच सांगेन.

एक तुकडा मांजरपाटाचा आणि एक जुन्या लोकरी कोटाचा घ्या. मांजरपाट आधी धुऊन खळ काढा, नाहीतर वाफेने आटेल. कागदावर चौदा इंच लांब, दहा इंच रुंद अंडाकृती काढा, एक टोक निमुळतं. दोन्ही तुकड्यांच्या रुंद टोकाला अर्ध्या इंचाचे दोन-दोन टक्स घाला, गोलाई त्यांनीच येते. निमुळत्या टोकाला हात जाईल एवढी जागा सोडून कडेने दुहेरी शिलाई मारा.

भरायला सुताराकडचा कोरडा भुसा चाळून आणा. चीड-देवदाराचा नको, उष्णतेने त्याची राळ सुटते. फोम किंवा पॉलिस्टरचा कापूसही नको. तो वितळतो आणि वाफही शोषत नाही. मूठमूठ भुसा घालून लाटण्याच्या टोकाने ठासत राहा. भरली असं वाटल्यावरही बराच भुसा मावतो. अंगठ्याने दाबून खड्डा पडत नाही, तोवर थांबू नका. मग जाड दोऱ्याने तोंड शिवा.

वापरताना टक्स आधी शिवला तसाच दुमडून दाबा, टोकाच्या पुढे इस्त्री नेऊ नका. मग टोक उशीच्या सर्वांत गोल भागावर येईल असं कापड उलटं पसरा. छातीचा आडवा टक्स खाली वळवा, कमरेचा उभा मध्याकडे. वर ओलसर फडकं ठेवून इस्त्री टेकवा, उचला, पुढे टेकवा. फिरवू नका, कापड ताणलं जातं. रेशमावर पाण्याचे डाग पडतात, तिथे फडकं कोरडंच हवं. आणि कापड गार होईपर्यंत उशीवरच राहू द्या. आकार गार होताना पक्का होतो. घाईत उचललात तर सगळी मेहनत वाया. लोकरीसाठी उशीची लोकरी बाजू वर घ्या, चकाकी कमी येते.

कॉलर आणि कोटाच्या कडांसाठी वडील घट्ट लाकडाचा, पॉलिश न केलेला ठोकळा वापरत. वाफ देऊन इस्त्री उचलली की लगेच ठोकळा दाबून धरायचा. लाकूड ओल शोषतं आणि कड धारदार बसते. नवा ठोकळा आधी पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, काही लाकडं रंग सोडतात.

बाहीच्या लांब शिवणीसाठी लाटण्याला घोंगडीचा तुकडा गुंडाळला तरी काम भागतं. शिवणीच्या कडा गोलाईवरून खाली उतरतात, म्हणून त्यांचे वळ सुलट्या बाजूला उमटत नाहीत.

पावसाळ्यात भुशाला ओल धरते. ऊन पडलं की उशी गच्चीवर ठेवा, दोन्ही बाजू फिरवून.