कुत्र्याला घेऊन कुटुंबासह तंबूतला मुक्काम: तयारीपासून परतीपर्यंत

मुक्कामाची जागा निवडताना माणसं आधी नजारा बघतात. कुत्रा बरोबर असेल तर आधी सावली बघा. दुपारी बारा ते चार सलग सावली मिळत नसेल, तर ती जागा थंडीच्या दिवसांसाठी राखून ठेवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि हवा दमट असली की धापांचाही फारसा उपयोग होत नाही. अशा सहलींत जे गंभीरपणे बिघडतं ते बहुतेक वेळा उष्णतेमुळे, नाहीतर कुत्रा नीट न बांधल्यामुळे. तिथे कुत्र्यांना परवानगी आहे का, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

महिनाभर आधी

डॉक्टरांकडे एक फेरी मारा. रेबीजची लस चालू मुदतीत हवी. साचलेल्या पाण्याच्या जवळ राहणार असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा आजार) लसही विचारा. ती पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणूनच महिन्याची मुदत. गोचिडांवरचं औषध, गोळी असो वा मानेवर टाकायचे थेंब, निघायच्या काही दिवस आधी द्या. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असू द्या आणि नखं कापून घ्या, नाहीतर तंबूचा तळ पहिल्याच रात्री फाटतो.

पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना लांब चालवू नका. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात, तोवर त्यांनाही चढणीच्या लांब वाटा नकोत.

घरच्या घरी रंगीत तालीम

तंबू आधी गच्चीत किंवा अंगणात उभा करा. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवून आत फक्त खाऊ टाका. दुसऱ्या दिवशी कुत्र्याचं नेहमीचं अंथरूण आत टाका आणि तंबूच्या दाराची चेन चार-सहा वेळा उघडबंद करा. तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी त्याच्याबरोबर आत तासभर पडून राहा. ही तालीम टाळली तर मध्यरात्री वाऱ्याने कापड फडफडलं की कुत्रा भुंकतो, पोरं उठतात आणि शेजारचे तंबूही जागे होतात. चौघांचं कुटुंब आणि मोठा कुत्रा असेल तर सहाजणांचा तंबू घ्या. ‘चारजणांचा’ म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील इतकाच, सामानाला जागा न धरता.

सामान

पाण्याचा हिशेब असा: विश्रांतीत कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागतं. धावपळ आणि ऊन असेल तर दुप्पट धरा. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाला दोन ते अडीच लिटर, तेही माणसांच्या पाण्याव्यतिरिक्त. खाणं घरचं रोजचंच न्या, एक दिवस पुरेल इतकं जास्त. सहलीतच नवीन खाणं सुरू केलं की जुलाब ठरलेले.

छातीचा पट्टा म्हणजे हार्नेस, दोन मीटरचा साधा पट्टा, दहा-बारा मीटर जाड दोर, अंथरुणाखाली घालायला फोमची चटई आणि गळ्यात अडकवायचा छोटा दिवा घ्या. औषधांच्या डब्यात गॉज (जखमेवर लावायचं जाळीदार कापड), बारीक टोकाचा चिमटा आणि सलाइनची बाटली असावी. माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही त्याला विषारी ठरू शकतात.

प्रवासाआधी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नका, आणि दर दोन तासांनी थांबा. गाडीत एकटं सोडून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणू नका. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंशांनी वाढतं.

दोर कसा बांधायचा

खुंटीला किंवा टेबलाच्या पायाला बांधलेला कुत्रा दहा मिनिटांत गुंडाळला जातो. त्यापेक्षा दोन झाडांमध्ये आडवा दोर बांधा, उंची साधारण दोन मीटर, म्हणजे माणसांच्या डोक्यावरून जाईल. झाडाच्या सालीला दोर थेट न लावता रुंद पट्टी घाला. दोरावर एक कडी सरकती ठेवा आणि कुत्र्याचा पट्टा त्या कडीला अडकवा. मग दोन्ही टोकांना, झाडापासून दीड-दोन मीटर आत, दोरावर एकेक गाठ मारा. कडी त्या गाठीवर अडते, त्यामुळे कुत्रा झाडाला वेढे घालू शकत नाही. ही गाठच बहुतेकजण विसरतात. पट्टा नेहमी हार्नेसला लावा. गळपट्ट्याला लावला, तर ससा दिसल्यावर धाव घेताना सगळा झटका मानेवर बसतो. शेकोटी, चूल आणि तंबूचे ताणाचे दोर कुत्र्याच्या पोहोचेपासून किमान तीन मीटर लांब असावेत. बांधलेल्या कुत्र्याजवळ मोठं माणूस हवंच, आणि लहान मुलांच्या हातात पट्टा पाण्याजवळ किंवा कड्याजवळ देऊ नका.

जेवणाच्या वेळी लक्ष ठेवा. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं, मक्याची कणसं हे सगळं त्याच्या तोंडापासून दूर. कणसाचा बुरखुंडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून निघत नाही.

दिवसभरात

चालणं सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. वाटेवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याला धावपळीच्या लगेच आधी किंवा नंतर पोटभर जेवण देऊ नका. डबक्यावर हिरवट-निळसर साय दिसली तर पाणी पिऊ देऊ नका, पोहूही देऊ नका. काही शेवाळं काही तासांत जीव घेऊ शकतात.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसतात, पाय डगमगतात? हा उष्माघात समजा. सावलीत आणा, पोट, जांघा आणि पंजांवर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. आधी थंड करा, मग गाडीत घालून डॉक्टरांकडे न्या, आणि वाटेतही काचा उघड्या ठेवा.

रात्र आणि परतताना

रात्री कुत्र्याला तंबूच्या आतच झोपवा. त्याची विष्ठा पिशवीत भरून परत न्या. ते जमत नसेल तर पाण्यापासून साठ मीटर लांब, १५-२० सेंटिमीटर खोल पुरा. निघण्याआधी कान, बगला, बोटांमधल्या खाचा आणि शेपटीखाली हात फिरवून गोचीड शोधा. चिमटा कातडीलगत धरून सरळ, संथ ओढून काढा. रॉकेल, तेल किंवा काडी लावू नका. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, मरगळ किंवा लंगडणं दिसलं तर डॉक्टरांना गोचीड निघाल्याचं आवर्जून सांगा.