वसुलीचा फोन आला की आधी कर्जाचा करार कसा मागायचा

सांगली-मिरजेत लोकांचे अर्ज लिहून देताना एक प्रकार मी सारखा बघतो. फोन येतो, "तुमचं लोन थकलंय, आजच्या आज भरा", माणूस घाबरतो आणि घरात कळायला नको म्हणून दोन-तीन हजार गुगल पे करून मोकळा होतो. कर्ज कुठलं, कधीचं, सही कुणाची, काय पत्ता नाही. निघतं काय, तर कधी पावण्याच्या ट्रॅक्टरला राहिलेला जामीन, कधी फेडून बंद केलेलं क्रेडिट कार्ड, नाहीतर पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर कुणीतरी उचललेलं अ‍ॅपचं लोन.

तर पैसे राहू देत बाजूला, आधी कागद मागायचे.

पहिलं, क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे तुमच्या नावावर कुठली कर्जं दाखवलीत त्याची नोंद. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी सायबर कॅफेवाल्याला पाचशे द्यायची गरज नाही. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, खाते नंबर आणि शेवटचा हप्ता कधी जमा झाला ती तारीख बघून ठेवा.

दुसरं, फोनवर एजंटचं नाव, एजन्सी आणि तो कुणाच्या वतीनं बोलतोय एवढंच विचारायचं, "लेखी पाठवा" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला आरबीआयनं मनाई केलीय, तसे आले तर स्क्रीनशॉट ठेवा.

आता पत्र. मला सगळ्यात जास्त छळलं ते या पायरीनं, कारण अर्ज म्हटलं की आपल्या हातातून आपोआप विनवणीच उतरते, "मी आपल्याकडून घेतलेले कर्ज परिस्थितीमुळे थकले असून फेडण्यास तयार आहे, तरी कराराची प्रत मिळावी". झालं! कराराची प्रत मिळायची तेव्हा मिळेल, पण देणं मान्य असल्याचा सहीचा कागद तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात दिलात.

हे एवढं का ताणतोय ते सांगतो. विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्यात साधारण तीन वर्षं आहेत. ती संपायच्या आत तुम्ही देणं लेखी कबूल करून सही केलीत तर कलम १८ प्रमाणे तीन वर्षं परत पहिल्यापासून मोजायची, आणि थोडी रक्कम भरलीत तर कलम १९ मुळं तेच होतं. मुदत संपल्यावरसुद्धा "देतो" असं लिहून सही केली तर करार कायद्याच्या कलम २५ खाली ते नवीन वचन म्हणून तुमच्यावर बसू शकतं. म्हणून तो एजंट "निदान पाचशे तरी टाका हो दादा, सिस्टीमला दाखवायला" म्हणतो ना, तेव्हा एक रुपया पण टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर "पुढच्या महिन्यात बघतो" असलं पण काही टाइप करू नका, उद्या तेच छापून पुढं येतं.

याच्या उलट टोकाचा सल्ला देणारे पण आहेत, "सरळ लिहा मी कर्ज घेतलंच नाही". घेतलं असेल तर असलं खोटं अजिबात लिहू नका, त्यांच्याकडं तुमच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद निघाली की तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांना पण कोण विचारत नाही. मी लिहून देतो ते वाक्य असं: "आपण दि. अमुक रोजी केलेली मागणी मला मान्य नाही. तिच्या पुष्ट्यर्थ खालील कागदपत्रे द्यावीत. हे पत्र कोणत्याही देण्याची कबुली समजू नये." एवढंच. पुढं आजारपण, पोरीचं लग्न, द्राक्षाला अवकाळीनं मारलं, यातलं काही लिहायचं नाही, खरं असलं तरी. आणि 'माझे कर्ज' हा शब्द पत्रात कुठंही नको, 'कथित येणे' म्हणा.

मागायचं काय ते पण नेमकं लिहा, नुसते 'कागद द्या' म्हटलं की ते एक पानी स्टेटमेंट ईमेल करून हात झटकतात. सही केलेला पूर्ण करार त्याच्या परिशिष्टांसकट, मंजुरीपत्र, रक्कम कुठल्या खात्यात कुठल्या तारखेला गेली त्याचा व्यवहार नंबर, आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा ज्यात मुद्दल, व्याज, दंड वेगळं दिसेल. जामीनदार असाल तर जामीनपत्र. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर त्या हस्तांतरणाचा कागद, एजन्सी असेल तर तिचं अधिकारपत्र. अ‍ॅपवरचं असेल तर केवायसीचे कागद आणि कुठल्या मोबाईल नंबरच्या ओटीपीनं करार झाला ते. यात आपण उपकार मागत नाही बरं का, कर्ज देतानाच कराराची प्रत सगळ्या जोडपत्रांसकट द्यायची असं आरबीआयचं सांगणं आहे.

इंटरनेटवर फिरणारं एक इंग्रजी लेटर घेऊन पण लोक येतात, त्यात कलम ७७ आणि एक पौंड फी असं काय काय असतं. ते ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्याचं आहे, इथं त्याचा काडीचा उपयोग नाही. माहिती अधिकार टाका म्हणणारे वेगळेच, खाजगी बँकेला आणि फायनान्स कंपनीला तो लागूच होत नाही.

पत्र एजंटला द्यायचं नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, आणि कागदावरचं पोचपावतीसकट स्पीड पोस्टानं पाठवा. शाखेत हातानं दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

पतसंस्थेचं गणित वेगळं आहे, आणि आपल्या सांगली-सातारा भागात निम्मी प्रकरणं पतसंस्थेचीच. वरचा तीन वर्षांचा हिशोब तिथं धरून बसू नका, १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात सभासदाकडच्या थकबाकीच्या वसुलीची मुदत तो सभासद असेपर्यंत सुरूच होत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी बघायचा आणि फी भरून नकला घ्यायचा हक्क आहे, फी भरल्यापासून महिन्याच्या आत द्यायच्या, त्यामुळं अर्जात कलम ३२ चं नाव घालाच. नाही दिल्या तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं जा. आणि पतसंस्थेनं वसुली दाखला मागितल्यावर निबंधकाकडून येते ती कलम १०१ ची नोटीस आली असेल तर नकलांची वाट बघत घरी बसायचं नाही, तारखेला हजर राहून "कागद मागितलेत, दिले नाहीत" हे लेखी नोंदवा, कारण वसुली दाखला एकदा निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणात, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागायला, आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर ३० दिवस थांबा. उत्तर नाही, नाहीतर गोलमाल उत्तर, तर आरबीआयच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करा, फी नाही, वकील लागत नाही, माहितीला १४४४८ हा नंबर आहे. पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. सोबतच क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या नोंदीवर हरकत टाका, ती ३० दिवसांत निकाली काढायची असते, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.

कागद आले की आधी सही बघा, मग पैसे कुणाच्या खात्यात गेले ते. दोन्ही तुमचं नसेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवून पोलिसांत फसवणुकीची लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत कर्ज देणाऱ्याला पाठवा. दोन्ही तुमचंच निघालं तर उताऱ्यातला दंड तपासा, नवीन कर्जांत १ एप्रिल २०२४ पासून दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंदी आहे, ते वजा करून मगच तडजोडीचं बोला, आणि तडजोडीचं पत्र त्यांच्या लेटरहेडवर हातात येईपर्यंत पैसे सोडू नका.