चूक झाल्यानंतरचे पाच सेकंद

फुटबॉलच्या नव्या प्रशिक्षकाने पहिल्या आठवड्यात भाषण देऊ नये. वही-पेन घेऊन साइडलाइनला उभं राहावं आणि एवढंच टिपावं: चेंडू गमावल्यावर खेळाडू पहिल्यांदा कुठं बघतो? जमिनीकडे, तुमच्याकडे, ज्यानं पास दिला त्याच्याकडे, की चेंडूकडे? वीस मिनिटांच्या खेळात एकेका पोट्ट्याच्या पाच-सात नोंदी सहज होतात. ज्याची नजर चेंडू सोडून दुसरीकडे जाते, तो तेवढ्या वेळापुरता मैदानावर नसतो. चुकलेला पास क्वचितच थेट गोलात जातो. चुकलेला माणूस कपाळाला हात लावून उभा राहतो, त्याच्या मागे जागा मोकळी पडते, आणि गोल तिथून बसतो.

‘मेंटली स्ट्राँग हो’ हे वाक्य नागपुरात मानकापूरच्या संकुलापासून कामठीच्या मैदानांपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण पंधरा वर्षांच्या मुलानं ते ऐकून नेमकं करायचं काय? त्याला करता येईल अशी गोष्ट द्या. ३० बाय २० मीटरची चौकट आखा, पाच विरुद्ध पाच खेळवा, चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दीड मिनिट विश्रांती. नियम एकच: ज्यानं चेंडू गमावला त्यानं पाच सेकंदांत एकतर चेंडूवर दबाव टाकायचा, नाहीतर चेंडू आणि आपला गोल यांच्या मध्ये येऊन उभं राहायचं. नाही जमलं तर समोरच्यांना एक गोल. सेकंद मोठ्यानं मोजायला राखीव खेळाडू ठेवा.

याला एक छोटी सवय जोडायची: तोंडानं लांब श्वास सोडणं, मांडीवर एक थाप, आणि मनात एक शब्द. ‘मागं’, ‘पुढचा’, काहीही चालेल, पण शब्द मुलानं स्वतः निवडलेला असावा. हे सगळं पळता पळता व्हायला हवं. काही मुलं थांबून, डोळे मिटून, मोठा सोहळा करतात. मग पाच सेकंद त्यातच जातात. दुसरी अडचण अशी की सरावात जमलेलं सामन्यात आठवत नाही, कारण सरावात हरण्यासारखं काही नसतं. म्हणून पैज लावा: हरलेल्या संघानं मैदानावरचे खुणेचे कोन गोळा करायचे, छोटे गोलपोस्ट उचलायचे.

मैदानाला चकरा मात्र मारायला लावू नका. चुकीला चकरांची शिक्षा मिळाली की मूल चुका कमी करत नाही, चेंडू मागणं कमी करतं. हा लपणारा खेळाडू ओळखायला अवघड असतो. तो शिस्तीत आपल्या जागेवर दिसतो, धावतोही, पण प्रत्येक वेळी प्रतिस्पर्ध्याच्या बरोबर आड उभा असतो, म्हणजे पास येणारच नाही. त्याच्या पासांची टक्केवारी छान दिसेल! म्हणून पास मोजू नका, दहा मिनिटांत त्यानं किती वेळा चेंडू मागितला ते मोजा. हाच आकडा त्याचं पुढच्या सामन्याचं लक्ष्य करायचा. ‘आज गोल मार’ यात गोलकीपर, बचावपटू आणि नशीब तिघं येतात. ‘पहिल्या हाफमध्ये आठ वेळा मोकळ्या जागेत ये आणि आवाज दे’ हे पूर्णपणे त्याच्या हातात आहे.

आत्मविश्वास बराचसा प्रमाणाचा खेळ आहे. एकास एकच्या सरावात आक्रमण करणारा दहापैकी सहा-सात वेळा सुटत असेल तर अवघडपणा बरोबर आहे. नऊ वेळा सुटला तर जागा दोन मीटर अरुंद करा, तीनच वेळा सुटला तर रुंद करा. सतत हरवून कोणी कणखर होत नाही. उलट सतत जिंकणाऱ्याला जिल्ह्याच्या ट्रायलमध्ये पहिला धक्का बसला की तो उभाच राहत नाही.

आता पेनल्टी, कारण मनाची खरी परीक्षा तिथंच उघडी पडते. ठिपका गोलरेषेपासून ११ मीटर, गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. ताशी ९० किलोमीटरनं मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. गणित मारणाऱ्याच्या बाजूचं आहे, आणि म्हणूनच भीती त्याला जास्त: गोलकीपर हुकला तर कोणी बोलत नाही. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या रोबेर्तो बाज्जिओनं पेनल्टीचा चेंडू बारवरून मारला. त्याच स्पर्धेत नायजेरियाविरुद्ध त्यानं पेनल्टीवरच गोल केला होता. तेव्हा एक हुकलेली पेनल्टी पाहून ‘याचं मन कच्चं’ असा शिक्का मारणारा प्रशिक्षक स्वतःच कच्चा.

क्रम असा बसवा. गोलच्या कोणत्या कोपऱ्यात मारायचं ते मध्यरेषेवर उभं असतानाच ठरवायचं, नंतर बदलायचं नाही. चेंडू स्वतःच्या हातानं ठेवायचा. मागे जाताना गोलाकडे पाठ करायची नाही. चार-पाच पावलं उलटं चालायचं. शिट्टी झाली की एक पूर्ण श्वास, मग धाव. मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्ट्यांचा अभ्यास करणारे नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांना हेच दिसलं की शिट्टी वाजताच घाईनं मारणारे जास्त हुकतात. घाई म्हणजे ‘हे एकदाचं संपू दे’. रेफ्रीची शिट्टी मारायची परवानगी असते, शर्यतीची सुरुवात नव्हे.

सरावाच्या शेवटी ओळीनं दहा-दहा पेनल्ट्या मारण्याची पद्धत जवळपास निरुपयोगी आहे. सामन्यात एकच मिळते. टायब्रेकरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत, १०५ मीटरच्या मैदानावर मध्यरेषेपासून ठिपक्यापर्यंत साडेएकेचाळीस मीटर एकट्यानं चालत जावं लागतं, आणि मनात नको ते याच चालण्यात शिरतं. म्हणून सराव चालण्याचा करा: दमलेले असताना सगळे मध्यरेषेवर उभे, एकेक जण जाणार, एकच किक, बाकीच्यांनी गोंगाट करायचा. आठवड्यातून दोनदा पुरे. गोलकीपरलाही या सरावात काम द्या. २०२३ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतानं उपांत्य फेरीत लेबनॉनला आणि अंतिम सामन्यात कुवेतला, दोघांनाही टायब्रेकरवर हरवलं, त्यात गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूचे हात होते.

एक इशारा. एप्रिलच्या नागपुरात ‘मन खचलं’ म्हणून जे दिसतं, ते पुष्कळदा पाणी संपलेलं असतं. दुसऱ्या हाफमध्ये मुलगा चिडचिडा झाला, सोपे निर्णय चुकले, तर आधी विचारा: लघवी कोणत्या रंगाची झाली, जेवला कधी? सामन्याआधी दोन-तीन तास साधं जेवण, सोबत अर्धा लिटर पाणी. सकाळच्या सामन्याआधी तर्री-पोहे नकोत, कितीही मन झालं तरी. ती तर्री हाफटाइमला परत भेटते. सामन्याआधीची धडधड, गार हात, सारखं लघवीला जाणं हे मात्र आजाराचं लक्षण नाही, हे नवख्याला आधीच सांगून ठेवा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, दहा वेळा, बूट बांधण्याआधी.

साइडलाइनवरून ‘काय करून राहिला बे!’ ही सूचना नाही. चेंडू खेळात असताना गप्प बसा, तो बाहेर गेला की नाव घेऊन एकच वाक्य: ‘उजवीकडून दाब’. चूक झाल्यावर लगेच, पाच मिनिटांच्या आत, त्याला बाहेर काढू नका. पुढच्या सामन्यात सगळा संघ चेंडूपेक्षा तुमच्याकडे जास्त बघेल. बेंचवरच्याला काम द्या: समोरच्या राइट बॅकचा कमजोर पाय कोणता, ते हाफटाइमला त्यानं सांगायचं.

पालकांना एकच विनंती करा: गाडीवर घरी जाताना सामन्याचं नाव काढायचं नाही. मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला हेल्मेटमधून मिळालेला सल्ला फक्त रागासारखा ऐकू येतो.

आणि जो मुलगा दोन आठवडे नीट झोपला नाही, मैदानाचं नाव काढलं की रडतो किंवा ‘जगून काय’ असं बोलतो, तिथं कणखरपणाचा सराव थांबवायचा. घरच्यांशी त्याच दिवशी बोला आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो.