चिमुकल्या कोरीवकामासाठी बिट निवडताना

मी लाकडात पक्षी कोरते. चोचीपासून शेपटीपर्यंत चार सेंटिमीटर, डोळा जेमतेम दीड मिलिमीटरचा. एवढ्याशा कामाला कोणता बिट (फिरत्या यंत्रात बसवायचं कापणारं टोक) घ्यावा, असं कुणी विचारलं की मी आधी कागद पुढे करते. आकृती खऱ्या मापात काढा आणि तिच्यातली सगळ्यात अरुंद जागा व्हर्नियरने मोजा. दोन पिसांमधली फट ०.८ मिमीची असेल, तर १ मिमीचा बिट तिथे शिरणारच नाही. ०.५ किंवा ०.६चा हवा. हे एक माप कळलं की निम्मी निवड झालीच.

इतके बारीक बिट दातांच्या कामासाठी बनवलेल्यांत हमखास मिळतात. कार्बाइडच्या, म्हणजे स्टीलहून कठीण पदार्थाच्या, गोल बिटांत पाव नंबर म्हणजे ०.५ मिमी, अर्धा नंबर ०.६, एक नंबर ०.८ आणि दोन नंबर १ मिमी. पाकिटावर ०१० असं छापलेलं असेल, तर तेही १ मिमीच.

मात्र घेण्याआधी दांडी, म्हणजे बिटाचा यंत्रात बसणारा भाग, बघा. यात बहुतेकांची गल्लत होते. २.३५ मिमी आणि ३.२ मिमी या दांड्या नेहमीच्या. दाताच्या टर्बाइनच्या, म्हणजे डॉक्टरांच्या अतिवेगवान ड्रिलच्या, बिटांची दांडी १.६ मिमीची असते. तुमच्या हँडपीसला (हातात धरायच्या फिरत्या यंत्राला) नेमक्या त्याच मापाचं कॉलेट, म्हणजे दांडी पकडणारी कडी, हवं. ढिलं कॉलेट आवळून भागवू नका. बिट किंचित जरी डगमगला, तरी ०.५ मिमीची रेघ ०.७ची होते आणि टोक तुटतं ते वेगळंच. दांडी सरळ आहे का हे बघायला ती काचेवर लोळवा. वाकडी असेल तर टोक वरखाली होताना लगेच दिसतं.

आता धार. सुरुवातीला मी हिऱ्याच्या, म्हणजे टोकावर हिऱ्याचे कण बसवलेल्या, बिटांचा मोठा संच घेतला आणि सगळं त्यानेच करायला गेले. सागवानी तुकड्यात डोळ्याची खोबण करताना करपल्याचा वास आला. बिट उचलून पाहिला तर कण भुशाने बुजून गुळगुळीत झालेले आणि खोबणीची कड काळी पडलेली. तो पक्षी वाया गेला. हिरा लाकूड कापत नाही, घासतो. कार्बाइडच्या पात्या कापतात. फरक बोटांना कळतो: भुसा चिमटीत घ्या. कार्बाइडचा रवाळ लागतो, हिऱ्याचा पिठासारखा.

म्हणून आकार काढायला कार्बाइड आणि शेवटचा हात फिरवायला हिरा. दाताच्या हिऱ्याच्या बिटांवर लाल पट्टी म्हणजे बारीक, पिवळी म्हणजे अतिबारीक, हिरवी म्हणजे भरड. माझ्या कामाला लाल पुरते. साध्या स्टीलचे बिट मऊ लाकडात छान चालतात. पण सागात वाळूचा अंश असतो, तिथे त्यांची धार लवकर जाते.

आकारांत माझा सगळ्यात लाडका उलटा शंकू. त्याची खालची कड कोनदार असते. पंखावर तो थोडा कलता धरून ओढला, की एका पिसाची कड दुसऱ्याखाली गेल्यासारखी कापली जाते आणि तिथे सावली पडते. त्या सावलीनेच पंख जिवंत होतो. गोल बिट डोळ्यांना, ज्योतीच्या आकाराचा मानेच्या वळणांना. या तीन आकारांवर माझं बहुतेक काम निघतं, त्यामुळे तीसचा संच घेण्यापेक्षा हे तीन चांगल्या प्रतीचे घ्या.

वेगाचा हिशेब विसरू नका. १ मिमीचा बिट मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर फिरला, तरी त्याची कड फक्त ९४ मीटर धावते. ६ मिमीच्या बिटाला तेवढंच अंतर कापायला ५,००० फेऱ्या पुरतात. म्हणून बारीक बिट सावकाश फिरवला की लाकूड कापलं न जाता तंतू ओरबाडले जातात. पण बिटावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नका आणि दांडी कॉलेटमध्ये पुरेशी आत जाऊ द्या. जास्त बाहेर राहिलेली लांब दांडी वेगात वाकते. चष्मा आणि धुळीचा मास्क कायम लावा. हिऱ्याच्या बिटाने पडणारं लाकडाचं ते पीठ थेट छातीत जातं.

नवा बिट आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर चालवा. तंतूंच्या दिशेने एक रेघ, आडवी एक, आणि दोन्ही भिंगाखाली बघा. आडव्या रेघेच्या कडेला केस उभे राहिलेले दिसले, तर तो बिट पक्ष्याच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका.