ॲग्रीची पदवी घेताना पर्यावरण शिकायचं कसं? एक शेत धरा, चार वर्षं सोडू नका

बारावीचा निकाल लागला की माझ्या प्रयोगशाळेत मातीच्या पिशव्यांबरोबर एक प्रश्नही येतो. "ताई, पोराला ॲग्रीला घालू का पर्यावरणाला?" मी नेवासा तालुक्यातली, मुळा उजव्या कालव्यावरच्या ऊसवाल्या घरातली. राहुरीला बी.एस्सी. ॲग्री आणि मग मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता माती-पाणी तपासते. त्यामुळे माझं मत कुठं झुकलेलं आहे ते आधीच सांगते. पर्यावरण शेतातून शिकता येतं, आणि आपल्या भागात तर तिथूनच चांगलं शिकता येतं. फक्त त्यासाठी काही कामं स्वतःहून करावी लागतात. वेळापत्रकात ती नसतात.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. त्यांची स्वतःची आणि संलग्न खासगी महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बारावी विज्ञान लागतं, एमएचटी-सीईटीचा पीसीएम किंवा पीसीबी कुठलाही गट चालतो आणि प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमधून होतो. राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठांत आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) कोट्यातून जायचं असेल तर सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शेतकरी कुटुंबातल्या मुलांना सातबाऱ्यावर गुणभार मिळतो. उतारा आजोबांच्या नावावर असेल तर आणखी कोणता कागद लागतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा आणि तलाठ्याकडे फेरी सुरू होण्याआधी जाऊन या.

आता ॲग्री की पर्यावरण? एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ॲग्री करून पुढं पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. पुणे विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात किंवा भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत तो रस्ता आहे. उलट दिशेनं, म्हणजे साधी बी.एस्सी. करून एम.एस्सी. ॲग्रीला किंवा एमपीएससीच्या कृषी सेवेला जाणं सहसा जमत नाही. पण कारखान्यांचं सांडपाणी, शहरातली हवा, किंवा २००६ च्या अधिसूचनेनुसार होणारं प्रकल्पांचं पर्यावरणीय मूल्यांकन यांत जीव रमत असेल, तर ॲग्रीची चार वर्षं घालवू नका. सरळ पर्यावरणाला जा. ॲग्रीत पिकं, किडी, पशुसंवर्धन, अर्थशास्त्र, विस्तार (शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोचवणं) असं सगळं असतं आणि ते मनापासून करावं लागतं.

ॲग्रीला गेलात असं धरून पुढचं लिहिते.

'पर्यावरण अभ्यास' हा विषय तुम्हाला असेलच. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा निर्देश दिला, तेव्हापासून तो सगळ्याच पदव्यांत येत गेला. बहुतेक मुलं तो आदल्या रात्री गाइडमधून करतात आणि पास होतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या पेपरात जे मोघम लिहिलेलं असतं ते बाकीच्या पेपरांत आकड्यांसकट असतं. पाण्याचं प्रदूषण खतांच्या पेपरात आहे, जमिनीचा ऱ्हास सिंचनाच्या पेपरात आहे, हवामानबदल कृषी हवामानशास्त्रात आहे. हे तुकडे कुणी जोडून देत नाही. ते जोडायला मी सांगते तो उपाय एकच : पहिल्या सेमिस्टरला एक शेत निवडा आणि पदवी संपेपर्यंत प्रत्येक विषय त्या शेतावर नेऊन तपासा.

शेत घरचंच असायला हवं असं नाही. मामाचं, मित्राचं, हॉस्टेलमागचं कुणाचं तरी चालेल. मात्र तिथं विहीर किंवा बोअर हवी, शेजारून ओढा किंवा चर जात असेल तर उत्तम, आणि मालक बोलका हवा. एक एकर पुरतं. एक जाड वही घ्या, जर्नलपेक्षा वेगळी. जर्नल सबमिशनसाठी असतं, ही वही तुमची.

पहिल्या वर्षी तीन गोष्टी नोंदवा. पहिली, पाऊस. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो, तो उतरवून घ्या. सोबत हे गणित पाठ ठेवा : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. दुसरी, विहिरीतली पाण्याची पातळी. दोरीला दगड बांधून पावसाळ्याआधी आणि नंतर मोजली तरी चालते. तिसरी, माती. मातीचा नमुना घेण्याचं प्रॅक्टिकल सगळ्यांना असतं, पण कॉलेजच्या प्लॉटवर वीस जणांच्या घोळक्यात हात चालत नाही. आपल्या शेतात करा. नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाखालची सावली, शेणखताचा ढीग आणि पाण्याचे पाट टाळा. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला सारा, व्ही आकाराचा खड्डा घ्या, हंगामी पिकासाठी सुमारे २० सेंटिमीटर खोल. खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. सगळी माती घमेल्यात नाही, स्वच्छ कापडावर एकत्र करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा मिसळा, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या गोणीत भरलेली माती माझ्याकडे आली की मी ती परत पाठवते, कारण त्या गोणीतली खताची भुकटी तपासणीत उतरते आणि शेतकरी भलत्याच आकड्यावर विसंबून खत टाकतो.

दुसऱ्या वर्षी मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्बाचं, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेल्या कार्बनचं प्रॅक्टिकल येईल. वॉकली-ब्लॅक पद्धत, १९३४ सालची, अजून सगळीकडे तीच. वस्त्रगाळ केलेली चिमूटभर माती, १० मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेट, २० मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. फ्लास्क हाताला चटका बसेल इतका तापतो. त्याच उष्णतेवर कर्ब जळतो. अर्धा तास झाकून ठेवायचं, मग पाणी, फॉस्फोरिक ॲसिड आणि डायफिनाइल अमाइन घालून फेरस अमोनियम सल्फेटनं टायट्रेशन. निळा-जांभळा रंग गडद होत जातो आणि एका थेंबात हिरवा होतो. तो थेंब चुकला की आकडा चुकला. इथं दोन प्रश्न सरांना विचारा. एक : ही पद्धत सगळा कर्ब मोजते का? नाही, सरासरी ७७ टक्के पकडते, म्हणून सूत्रात १.३ नं गुणतात. दोन : फ्लास्कमधलं क्रोमियम आणि ॲसिड कुठं जातं? बेसिनच्या नळीमागं ते कुठं निघतं ते जाऊन बघा. जमिनीचं आरोग्य तपासताना आपण काय सांडतो, हा प्रश्न पर्यावरणाच्या पेपरात येत नाही, पण खरा प्रश्न तो आहे.

त्याच आकड्याचं पुढचं गणित वहीत करा. एक हेक्टरचा वरचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे ढोबळमानानं २२ लाख ४० हजार किलो माती. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर न्यायचा म्हणजे २,२४० किलो कर्ब त्या मातीत टिकवायचा. आणि शेणखतातला बराचसा कर्ब सूक्ष्मजीव खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडतात, आपल्या उन्हाळ्यात तर झपाट्यानं. 'एका हंगामात सेंद्रिय कर्ब दुप्पट' अशी जाहिरात दिसली की हे गणित काढा.

आता माझ्या जिव्हाळ्याचं : मीठ. आमच्या पट्ट्यात कालवा आला, ऊस आला, आणि सखल जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. सांगली-कोल्हापूरकडेही तेच. पुस्तकात हे दोन ओळींत असतं, 'अतिसिंचनामुळे जमिनी क्षारपड होतात'. तुम्ही ते किलोत काढा. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, १ डेसीसायमन प्रति मीटर आली, तर एका लिटरात साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. पाणी प्यायला चवीला ठीकच लागेल. वर्षभरात उसाला त्यातलं १,००० मिलिमीटर दिलंत, म्हणजे हेक्टरी एक कोटी लिटर. क्षार झाले ६,४०० किलो, चौसष्ट क्विंटल. पाणी पानांतून आणि मातीतून उडून गेलं, मीठ उडत नाही. निचरा असेल तर खाली जाईल, नसेल तर मुळांपाशी बसेल. हे गणित मी शेतकऱ्यांना पाटीवर मांडून दाखवते तेव्हा पाण्याच्या पाळ्यांवर बोलणं आपोआप सुरू होतं.

मग ओळखायला शिका. मातीची ईसी ४ च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त, वर पांढरा थर दिसतो. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) १५ टक्क्यांवर असेल तर चोपण. ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी, पाणी वरच साचून राहतं. पहिलीला निचरा आणि चांगलं पाणी पुरतं. दुसरीला आधी जिप्सम लागतं, कारण सोडियम हटल्याशिवाय पाणी खाली उतरतच नाही. दोन्हींना एकच औषध सांगणारे सल्लागार गावोगाव फिरतात, म्हणून हा फरक तोंडपाठ हवा. शिवाय आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते, तिथं गंधकही काम करतं. ते का, हे रसायनशास्त्राच्या सरांकडून नीट समजून घ्या.

आणि मग ओढ्यावर जा. सच्छिद्र पाईप टाकून शेतातलं खारं पाणी बाहेर काढलं, शेत सुधारलं. ते पाणी ओढ्यात गेलं, ओढा नदीत, आणि खालच्या गावाची पाण्याची विहीर नदीकाठी आहे. कृषी अभियंत्यासाठी काम संपतं तिथून पर्यावरणशास्त्राचं सुरू होतं, आणि दोन्ही एकाच माणसाला कळलं तर खालच्या गावाला कुणीतरी वाली मिळेल. मला हे शिक्षण एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं.

नत्राचंही असंच. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १०० किलो नत्रासाठी २१७ किलो युरिया. चुनखडीच्या मातीवर तो फोकून दिला की अमोनिया होऊन उडतो, मोकाट पाणी दिलं की नायट्रेट खाली झिरपतं, पाणी साचलं की नायट्रस ऑक्साइड हवेत जातो. तीन वेगळे पेपर, तीन वेगळे शिक्षक, एकच गोणी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमच्या शेताच्या विहिरीत किती आहे ते मोजा. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या.

दापोलीला शिकत असाल तर यातलं बरंच बदलेल. जांभ्या मातीत मीठ साचायला पाऊस वेळच देत नाही. तिथं आम्लता, लोह-ॲल्युमिनिअमनं अडवलेलं स्फुरद (फॉस्फरस) आणि उतारावरून वाहणारी माती हे प्रश्न घ्या. पद्धत तीच.

सातव्या सेमिस्टरला रावे येतं, ग्रामीण कृषी कार्यानुभव. तुम्ही 'कृषिदूत', 'कृषिकन्या' म्हणून गावात जाता. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क, बॅनर, फोटो, पेपरात बातमी. ते करा, गुण त्यालाच आहेत. पण रांगोळीनं गावाचा नकाशा काढाल त्या दिवशी म्हाताऱ्या मंडळींना थोडा वेळ जास्त बसवा. कुठली विहीर आधी आटते, कुठल्या शेतात पूर्वी ज्वारी यायची आणि आता काहीच येत नाही, ओढ्याला मासे कधीपर्यंत होते, हे विचारा आणि त्याच नकाशावर खुणा करा. बायकांना वेगळं विचारा, पाणी त्या भरतात. मग गटातल्या सगळ्यांनी मिळून गावातल्या दहा-पंधरा विहिरींची ईसी मोजा. साधं पेनसारखं मीटर येतं, त्याला कॅलिब्रेशनचं द्रावण सोबत घ्या. हे आकडे ग्रामपंचायतीला लिहून द्या. ज्यांनी माहिती दिली त्यांच्याकडे ती परत गेलीच पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं वर्ष इंग्रजीमुळे जड जातं. संकल्पना आधी मराठीत स्वतःच्या वाक्यांत लिहा, नंतर इंग्रजी उत्तर बांधा. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचं भुवन संकेतस्थळही. तिसऱ्या वर्षापर्यंत आपल्या शेताचा नकाशा त्यात काढता आला पाहिजे.

पुढं शिकायचं असेल तर राज्यातच किती जागा आहेत बघा : नागपूरला नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आणि मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण (दुष्काळ, उष्णता, क्षार) व्यवस्थापन संस्था. राज्याबाहेर जायचं तर दिल्लीच्या आयएआरआयमध्ये, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. एम.एस्सी.चा विषय ठरवण्याआधी अकोला किंवा परभणीचा दीर्घकालीन खत प्रयोग परवानगी काढून नक्की बघून या. परभणीला सोयाबीन-करडई घेतात. तिथं वर्षानुवर्षं काहीच न दिलेला प्लॉट आणि शेणखतासह पूर्ण मात्रा दिलेला प्लॉट एकाच आवारात आहेत. दोन्हीकडची ढेकळं हातात घेऊन फोडा, मुळं मोजा, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना सेंद्रिय कर्बाचे सुरुवातीपासूनचे आकडे मागा. वही सोबत असू द्या, तुमच्या शेताचा आकडा त्यांच्या शेजारी लिहिता येईल.