कॅटायनिक (धनभारित) पॉलिमरचे कायनेटिक्स (अभिक्रियेचा वेग) मोजताना या चुका टाळा

डॅडमॅकचा, म्हणजे डायअ‍ॅलिल डायमिथाइल अमोनियम क्लोराइड या मोनोमरचा (ज्याचे रेणू जोडून पॉलिमरची साखळी बनते तो घटक) पॉलिमर होण्याचा वेग मोजला, लॉग-लॉग आलेख काढला आणि मोनोमरची ऑर्डर (वेग त्याच्या प्रमाणाच्या कितव्या घातानुसार बदलतो तो आकडा) १ च्या जागी २ च्याही वर आली, तर लगेच नवा मेकॅनिझम मांडायला बसू नका. पाण्यात विरघळणाऱ्या धनभारित मोनोमरच्या बाबतीत असे होऊ शकते. वाढणाऱ्या साखळीच्या टोकावर धनभार आणि येणाऱ्या मोनोमरवरही धनभार, त्यामुळे दोघे एकमेकांना ढकलतात. आता मोनोमर दुप्पट केला की क्लोराइडही दुप्पट होते. ते मधले प्रतिकर्षण झाकते आणि ज्याला आपण वेग-स्थिरांक म्हणतो तोच वाढतो. वर द्रावण दाट होत जाते, दोन साखळ्यांची टोके भेटेनाशी होतात आणि टर्मिनेशन, म्हणजे साखळ्यांची वाढ थांबणे, मंदावते. म्हणजे आलेखावर दिसतो एक उतार, पण त्यात तीन परिणाम मिसळलेले असतात.

म्हणून मोनोमर बदलताना मीठ घालून एकूण क्लोराइड सारखे ठेवा, आणि तुलना अरुंद पट्ट्यातच करा. बाजारातले ६५ टक्क्यांचे डॅडमॅक म्हणजे लिटरला ४ मोलच्या वर. त्या टोकापासून अर्ध्या मोलपर्यंत सगळे बिंदू एका रेषेत बसवण्याचा हट्ट धरू नये. वेगही सुरुवातीचाच घ्या. पॉलिमर तयार होऊ लागला की क्लोराइडचा काही भाग साखळीला चिकटून राहतो, आणि मोकळ्या आयनांचे प्रमाण कन्व्हर्जनबरोबर (किती मोनोमरचा पॉलिमर झाला त्याबरोबर) घटत जाते.

लॉट बदलला की आकडे बदलतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. डॅडमॅक बनते डायमिथाइल अमाइन, अ‍ॅलिल क्लोराइड आणि कॉस्टिक यांपासून, आणि या प्रक्रियेत मीठ उपउत्पादन म्हणून निघते. ते किती काढून टाकले आहे हे लॉटगणिक वेगळे असू शकते. उरलेली अ‍ॅलिल संयुगे चेन ट्रान्सफर करून (वाढती साखळी मध्येच थांबवून नवी सुरू करून) रेणुभार खाली आणतात, ती वेगळीच. मोनोमर वापरण्याआधी त्यातले मीठ मोजा, नाहीतर वरची सगळी काळजी वाया जाते.

इनिशिएटर, म्हणजे साखळी सुरू करणारे रसायन, म्हणून परसल्फेट सगळ्यांच्या हाताशी असते, आणि नेमके तेच इथे त्रास देते. त्यातून निघणारा सल्फेट रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील कण) क्लोराइडवर हल्ला करतो, त्यामुळे इनिशिएटर संपतो पण त्या प्रमाणात साखळ्या सुरू होत नाहीत. शिवाय परसल्फेट ऋणभारित, मोनोमर धनभारित, त्यांच्या जोड्या जमतात. इनिशिएटरची ऑर्डर ०.५ च्या बरीच वर आली तर आधी हे तपासा. भांड्यातून किंवा क्षारांतून आलेले लोहही परसल्फेटचे विघटन वाढवते, म्हणून लोह बांधून ठेवणारे थोडे ईडीटीए घालावे. नुसते कायनेटिक्स समजून घ्यायचे असेल तर मी व्ही-५० सारखा धनभारित अ‍ॅझो इनिशिएटरच घ्यायला सांगेन. मात्र तो अल्कलीत टिकत नाही, पीएच आम्लाकडे ठेवा. एस्टर गट असलेल्या कॅटायनिक अ‍ॅक्रिलेटलाही हेच लागू आहे. पीएच ६ च्या वर गेला की एस्टर तुटू लागतो, धनभार निघून जातो आणि तुम्ही वेगळ्याच मोनोमरचा वेग मोजत बसता.

आता सर्वांत धोक्याची चूक. तास उलटला तरी काहीच घडत नाही, म्हणून आणखी इनिशिएटर ओतला जातो. जरा हिशेब करू. २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ मिलिमोल ऑक्सिजन असतो. व्ही-५० चे अर्धे आयुष्य ५६ अंशांना सुमारे १० तास. लिटरला १ मिलिमोल व्ही-५० घेतला, त्यातले ६० टक्के रॅडिकल कामाला आले आणि एका रॅडिकलने एकच ऑक्सिजन अडवला असे धरले, तर तो ऑक्सिजन संपायलाच साधारण ३ तास जातात. इंडक्शन पिरियड (अभिक्रिया सुरू होण्याआधीचा थांबा) लांबला याचा अर्थ इनिशिएटर कमी पडला असा नाही, ऑक्सिजन हाकलणारा नायट्रोजन पुरेसा फिरला नाही असा आहे. अ‍ॅक्रिलामाइड सोबत असेल तर त्या जादा इनिशिएटरची किंमत उष्णतेत मोजावी लागते. या मोनोमरच्या मोलला ८० किलोजूलच्या आसपास उष्णता निघते. उष्णता बाहेर गेली नाही तर त्याचे १० टक्के द्रावण सुमारे २८ अंशांनी तापते, आणि ३० टक्के द्रावण उकळीला भिडू शकते. तापमापी बाहेरच्या बाथमध्ये नव्हे, द्रावणातच हवा.

पण नायट्रोजनचा उपयोग अभिक्रियेपुरताच. साठवणीच्या पिंपात नायट्रोजन भरू नका! साठवणीत मोनोमरचा पॉलिमर होऊ न देणारा एमईएचक्यू हा इनहिबिटर ऑक्सिजन असेल तरच काम करतो.

कोपॉलिमर (दोन मोनोमरचा पॉलिमर) करताना फीडचे (भांड्यात घातलेल्या मोनोमरचे) प्रमाण तेच पॉलिमरचे प्रमाण, असे गृहीत धरले जाते. अ‍ॅक्रिलामाइडचा रिअ‍ॅक्टिव्हिटी रेशो (टोकावरचा मोनोमर दुसऱ्यापेक्षा स्वतःच्याच जातीला किती पटीने जोडून घेतो तो आकडा) सुमारे ६.५ आणि डॅडमॅकचा ०.०५ घेऊन मोलमध्ये ७०:३० फीडचे गणित केले, तर सुरुवातीच्या साखळीत शंभरात जेमतेम ६ घटक डॅडमॅकचे निघतात. शेवटी अ‍ॅक्रिलामाइड संपते आणि नुसते डॅडमॅक मागे राहते. उपाय एकच, अ‍ॅक्रिलामाइड थोडे थोडे सोडत राहणे.

मोजमापातही दोन खाचखळगे आहेत. वजनावरून कन्व्हर्जन काढाल तर हा पॉलिमर हवेतले पाणी ओढतो, वाळवून लगेच तोला. जमल्यास जड पाण्यात एनएमआर घेऊन उरलेले व्हायनिल प्रोटॉन मोजा. आणि विस्कॉसिटी (दाटपणा) साध्या पाण्यात कधीच नको. विरल करत गेल्यावर साखळी ताणली जाऊन रिड्यूस्ड विस्कॉसिटी (पॉलिमरमुळे वाढलेला दाटपणा भागिले पॉलिमरचे प्रमाण) उलट वाढत जाते. लिटरला १ मोल मिठाच्या द्रावणात मोजली की रेषा सरळ येते.